अमानतीची गाडी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

लाल दिवा विझला नाही! जुम्याची नमाज अदा करून आलो, नेहमीप्रमाणे शेषेरावच्या अंगणातल्या पत्र्याखाली त्याची गाडी सुरू केली. तेलाचा तो दिवा लागला तो लागलाच. शिवाय इंजिनातून खडखड. तत्काळ बंद केली.

गाडी माझी असती तर इतकी चिंता करण्याचे कारण नव्हते. शाळेत शेषेराव गणित शिकवी, मी मराठी. निवृत्तीनंतरही आमच्या दोन घरांत भिंत तेवढी एकच. गेल्या श्रावणात लातूरला लेकीकडे जाताना त्याने किल्ली माझ्या स्वाधीन केली. "निजाम, ही तुझ्या भरवशावर. आठवड्याला एकदा सुरू करीत जा. अन् कंपनीनं दिली तशीच राहू दे. एक नटसुद्धा बाहेरचा लावू देऊ नको कुणाला."

दिवाळीत त्याला लकव्याने गाठले. उजवे अंग गेले, वाचा गेली. ज्याची अनुज्ञा घ्यायची, त्याच्याजवळ आता शब्दच नाहीत.

५ जानेवारी, रविवार

मन्मथ येऊन गेला. देगलूर नाक्याकडे त्याचे गॅरेज आहे. माझा जुना विद्यार्थी. व्याकरणात कच्चा, बोलण्यात पक्का.

"सर, ऑइल पंप थकलाय. तेल वर चढूनच नाही राहिलं. बाजारातला नवा पंप माझ्याकडं पडून हाय. उद्या बसवून देतो."

मी म्हणालो, कंपनीचा पंप काढायचा नाही, अशी मालकाची अट आहे.

"मग इंजिनबी कंपनीचंच जाम होईल की! अट शाबूत, गाडी भंगारात."

मग त्याने विचारले, गाडी किती फिरवता? मी सांगितले, फिरवीत नाही. दर शुक्रवारी जागेवरच थोडा वेळ सुरू ठेवतो, बंद करतो. चाक इंचभरही हललेले नाही.

त्याने कपाळावर हात मारला. "श्रावणापासून? सर, ही गाडी हाय का म्हैस, दावणीला बांधून ठेवायला? इंजिन तापायच्या आत बंद करत गेलं की तेलात पाणी धरतंय. त्याचा गाळ होतोय. तुम्ही तिला जपून जपून मारून राहिलाव!"

जपून जपून मारले. हे वाक्य दिवसभर कानांतून जात नाही.

दुसऱ्याची अमानत वापरणे म्हणजे खियानत, विश्वासघात, ही माझी समजूत. सांभाळायला दिलेल्या जनावरावर स्वार होणारा त्याच्या नुकसानीस बांधील ठरतो, हे धर्मशास्त्र मला मुखोद्गत आहे. पण त्याच ठिकाणी पुढे हेही म्हटले आहे की जनावर पाण्यावर नेण्यापुरते त्यावर बसण्यास हरकत नाही, कारण तहानेने मरू देणे हीदेखील खियानतच. मी पूर्वार्ध पाळला. उत्तरार्ध मशिदीत कितीकांना समजावून सांगितला, आणि स्वतः विसरलो.

६ जानेवारी, सोमवार

लातूरहून शेषेरावच्या पत्नीचा, धोंडावहिनींचा फोन. "भाऊजी, ह्यांना घरी यायचंय. जावयाच्या गाडीत बसवाया गेलो तर डाव्या हातानं दाराची चौकट धरली, सोडंनात. आपल्याच गाडीकडं बोट करत्यात, मोबाइलातल्या फोटुत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

वहिनींनी आधी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "न्यायचं असंल तर लवकर न्या, म्हणले."

७ जानेवारी, मंगळवार

दोन्ही मार्ग बंद दिसतात. पंप बदलावा तर अट मोडते. न बदलावा तर गाडी वाटेत बसेल आणि शेषेराव घरी पोहोचणार नाही.

बेगमबीने चहा ठेवता ठेवता सुनावले, "माणूस जायला टेकला, अन् तुमी पंपाचा फतवा शोधत बसलेत. अजी, त्यालाच जाऊन विचारा की!"

"तो बोलू शकत नाही."

"मान तर हाय ना त्याला?"

मुक्याचा इशारा त्याच्या शब्दाइतकाच प्रमाण मानावा, हा तर नियमच आहे! तो मला माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून सांगावा. परवा लातूरला निघतो.

९ जानेवारी, गुरुवार. लातूर

सकाळच्या एसटीने आलो. शेषेराव लेकीच्या, तनुजाच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर आहे. गालफडे बसली आहेत. डोळे मात्र तेच, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे रोखून पाहणारे.

मी सर्व सांगितले. दर शुक्रवारी गाडी जागेवरच सुरू केली, तिच्यात बसून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गेलो नाही, आणि त्यामुळेच ती बिघडली, हेही. ऐकता ऐकता त्याचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडतो आहे. धोंडावहिनी धावत आल्या. "अहो भाऊजी, हसून राहिले! दिवाळीपासनं पैल्यांदा हसले!" अर्धा चेहरा हसत होता. अर्धा नव्हता.

मग मी विचारले, "शेषेराव, पंप बदलू?"

त्याने मान हलवली. नाही.

मी समजावले. जुना पंप दमला आहे, वाटेत दगा देईल, बाजारात तसाच मिळतो. पुन्हा विचारले. त्याने डाव्या हाताची मूठ खाटेच्या दांडीवर आपटली. नाही!

तनुजा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, बाबांना आता काय कळतंय? तुम्ही बदलून टाका. मी सांगते ना."

मुलीचा जीव तुटतो, म्हणून ती असे म्हणते. पण मालक हयात असता वारसाची परवानगी चालत नाही. आणि त्याला कळते. त्याला सर्व कळते, हेच तर अवघड आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

नांदेडला परतलो. आज गाडी सुरू केली नाही.

मन्मथला नकार कळवला. तो म्हणाला, "मग सांगूच नका त्येंना. बॉनेट उघडून कोण बघतंय? सरांना तर मानबी धड वळवता येईना."

मी रागावलो नाही. त्याचा हेतू चांगला आहे, आणि क्षणभर माझेही मन त्या बाजूला झुकले. हे लिहून ठेवतो. डोळस आणि बोलत्या माणसाशी प्रामाणिक राहण्यात विशेष ते काय? तो स्वतःच हिशेब घेतो. जो उठून पाहू शकत नाही, विचारू शकत नाही, त्याच्याशी आपण कसे वागलो, हेच पुढे विचारले जाईल.

मी मन्मथला विचारले, काहीही न बदलता करण्यासारखे काय आहे?

"चेंबर खोलून धुता येईल. तेल नवं टाकू."

धुणे म्हणजे बदलणे नव्हे. धू, म्हणालो.

११ जानेवारी, शनिवार

इंजिनाखालचे चेंबर उघडले. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती काळ्या, चिकट गाळाने गच्च लिंपलेली होती. मन्मथने ती माझ्यासमोर धरली. माझे सगळे शुक्रवार त्या जाळीवर साचले होते.

धुऊन, पुसून, नवे तेल भरून गाडी सुरू केली. दिवा विझला! मी मोठ्याने ईश्वराचे आभार मानले. पण इंजिन तापल्यावर, गाडी नुसती उभी असता, तो पुन्हा लुकलुकू लागला.

"बघा. पंप झिजलाच हाय," मन्मथ म्हणाला. "पर रेसवर दाब धरतोय. चालती ठेवली तर नांदेड गाठंल. तापल्यावर हुभी केली की दाब गेला. म्हंजे लातूर सोडल्यावर थांबायचं न्हाई, सर."

श्रावणापासून मी जिला हलू दिले नाही, तिला आता थांबू द्यायचे नाही.

१२ जानेवारी, रविवार

फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर पुष्कळ वेळ मुसल्याच्या चटईवर बसून राहिलो. निर्णय झाला. पंप बदलायचा नाही.

वाटेत गाडी बंद पडली तर इंजिनाचे नुकसान होईल. इंजिन त्याचे आहे. तो रस्त्यावर अडकला तर हाल त्याचे होतील. हे ठाऊक असूनच त्याने मूठ आपटली. शरीर अर्धे गेले म्हणून माणसाचा नकार अर्धा होत नाही. माझ्याकडे केवळ किल्ली आहे.

बेगमबी म्हणाली, "थर्मास भरून देते. लेकराला वाटेत काही लागलं तर?" शेषेरावला ती लेकरू म्हणाली. तो तिच्याहून वडील आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आणले. शेषेरावला घरी आणले!

सकाळी मन्मथने गाडी चालवीत लातूरला नेली, पण तनुजाच्या दारात तो पाय रेसवरून काढीना. "लवकर चढवा! दिव्याकडं बघून राहिलो मी!" जावयाने आणि शेजाऱ्यांनी शेषेरावला उचलून पुढच्या सीटवर टेकवले. तनुजाने खिडकीतून त्याच्या केसांवरून हात फिरवला. तेवढ्याही वेळात दिवा एकदा लुकलुकला. धोंडावहिनी आणि मी मागे.

चाकूर गेले, अहमदपूर गेले. लोह्याच्या अलीकडे उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांची रांग रस्ता अडवून उभी! मन्मथ गाडी थांबवून नुसती रेस देत राहिला. पुढच्या ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून शिवी हासडली. तापलेले इंजिन आता रेसवरही दाब धरीना, दिवा लाल. मन्मथ पुटपुटला, "आता बसती, सर." वहिनी महादेवाचे नाव घेत होत्या, मी माझ्या परीने पढत होतो. एकाच इंजिनासाठी दोन्हीकडे अर्ज.

तेव्हा शेषेरावचा डावा हात उठला. रस्त्याच्या कडेला, हरभऱ्याच्या रानाला लागून बैलगाडीची वाट होती, तिकडे त्याने बोट केले. "सर, तिकडनं चेंबर फुटंल!" मन्मथ ओरडला. बोट हलले नाही. मन्मथने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मालक सांगतात. घाल."

गाडी आदळत, धूळ उडवीत ट्रॉल्यांच्या पुढे निघाली आणि सडकेवर आली. दिवा विझला. शेषेरावने पुढच्या फळीवर थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारावी. मन्मथ हसत सुटला. "गणिताचे सर अजून मार्क कापूनच राहिले!"

अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेच्या आत आम्ही अंगणात होतो. किल्ली फिरवण्याआधी मन्मथने शेषेरावकडे पाहिले. त्याने डोळे मिटून होकार दिला. मग इंजिन बंद केले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वहिनींनी तिळगूळ पाठवला. शेषेराव दोन चमचे पेज प्याला.

१६ जानेवारी, गुरुवार

आज पाणीही घेत नाही. डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले. जाताना चप्पल घालायला फार वेळ लावला. सांगण्यासारखे काही नसले की माणसे असा वेळ लावतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

जुम्यानंतर सवयीने त्याच्याकडे गेलो. गाडीची किल्ली परत करावी, म्हणून ती त्याच्या उशाशी ठेवली. घरी आला मालक. माझे काम संपले.

त्याने ती चाचपून उचलली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि माझी बोटे एकेक करून मिटवली.

"सुरू करून येऊ?" नाही.

"अजून अमानत ठेवायची?" नाही.

त्याने माझ्या छातीवर बोट टेकवले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, देऊन राहिले तुम्हाला. कवाची मला खूण करून सांगत्यात. न्हाई म्हणू नका." आणि पदर तोंडाला लावला.

मी उठून आलो. हे देणे काय समजावे, ते मला ठाऊक आहे. मरणाच्या आजारात माणसाने दिलेली वस्तू ही देणगी नव्हे. ती वसीयत, मृत्यूनंतरचे देणे, ठरते. देणारा गेल्यावरच ती घेणाऱ्याची, तोवर तिच्या एका स्क्रूलाही हात लावण्याचा अधिकार नाही. देणारा त्या दुखण्यातून उठला, तर मात्र ती दिल्या क्षणापासून देणगी. म्हणजे ही गाडी आज कोणाची आहे, हे सांगायचे तर मला आधी शेषेराव उठणार की जाणार, हे सांगावे लागेल.

किल्ली मुठीतच आहे.

१८ जानेवारी, शनिवार

शेषेराव उठणार, असे मनाशी धरून सकाळीच मन्मथच्या गॅरेजवर गेलो. म्हणालो, पंप बदल.

"परवानगी कुणाची, सर?"

"माझी. गाडी माझी आहे."