तेल लावलेली काडतुसं

बिस्मिल्ला करून लिहिते. मी मरियमबी, तय्यब परकार यांची विधवा, गाव बाणकोट, सध्या राहणार फुजैरा, वय अंदाजे अट्ठेचाळीस. डॉक्टरने गाठ पोटात सांगितली आहे, डोक्यात नाही. कोणी जबरदस्ती केलेली नाही. तिसरीपर्यंतच शिकले, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नये.

१. बाणकोटचं घर आणि इथलं कापडाचं दुकान शरियतप्रमाणे माझा मुलगा यूनुस आणि मुलगी रुकय्या यांचं. त्यात मला बोलायचा हक्क नाही. शिलाईमशीन रुकय्याला मी आधीच देऊन टाकलंय, ते वाटणीत धरू नये.

२. नणंद ताजबीने नेलेला तांब्याचा टोप परत मागू नये. तो माझा होता, एवढं तिला सांगावं.

३. शरियतप्रमाणे तिसरा हिस्सा माझ्या मर्जीने कुणालाही देता येतो. त्यातून यांचं अडतीस नंबरचं रिव्हॉल्वर आणि माझ्या चार बांगड्या माझा दीर मोहिद्दीन याला द्याव्या. सहा वर्षं मी त्याला उंबरा चढू दिला नाही, म्हणून कारण लिहिते.

एकसष्ट साली हे दुबईला दुकानाचा माल आणायला निघाले. डोंगरातल्या वाटेवर तिघांनी गाडी अडवली. ड्रायव्हर पळून वाचला. तो म्हणाला, शेठनी सहा वेळा चाप ओढला, सहाही वेळा नुसतं टक् झालं. न उडणारं रिव्हॉल्वर चोरांनी तिथेच टाकलं. काडतुसं मोहिद्दीनने आणलेली. मय्यत घरात असताना जमातीसमोर मी त्याला म्हटलं, "सडकी काडतुसं आणून भावाला मारलंस तू." तो एवढंच म्हणाला, "भाभी, डब्याचं सील मी तुमच्यासमोर तोडलं." खरं होतं. मला ऐकायचं नव्हतं. तेव्हापासून जमातीत त्याला कोणी बोलावत नाही.

४. मागच्या महिन्यात डॉक्टरसाठी दुबईला गेले, तेव्हा काडतुसं का उडाली नाहीत ते विचारायला यूनुस मला घेऊन बंदुकवाल्याकडे गेला. त्याने त्या डब्यातलं उरलेलं एक काडतूस पकडीने उघडलं. आतली दारू काळी, चिकट. वास घेऊन म्हणाला, "तेल किसने लगाया? अंदर जाके सब मार दिया." मी म्हटलं, दुकानदाराने लावलं असेल.

यूनुस, मी खोटं बोलले. तेल मी लावलं. या खाऱ्या हवेत कुलूप, कात्री, बिजागऱ्या, सगळ्याला मी दर जुम्म्याला खोबरेल लावते. काडतुसंही तशीच कापसाने एकेक पुसायची, गंज चढू नये म्हणून. यांना सांगितलंही नाही, त्यात सांगण्यासारखं काय होतं.

५. यूनुस, तुलाही त्याच रस्त्याने जायचं असतं. स्वतःचं रिव्हॉल्वर घे. काडतूस त्याच्याच नंबरचं, सीलबंद डब्यातलं. टोक कसलं, जोर किती, यावर बाजारात प्रत्येकजण शहाणा असतो. नेमाने उडतं तेच घ्यायचं. प्रत्येक डब्यातली सहा वाळूत उडवून बघ. उन्हात गाडीत ठेवू नकोस. वर्षाने बदल. तेल बंदुकीला, काडतुसाला कोरडं फडकं.

६. मोहिद्दीनच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. तोंडाने होत नाही. म्हणून माझी मय्यत उचलायच्या आधी त्याला बोलावून हे जमातीसमोर मोठ्याने वाचावं. चौथं कलम गाळू नये. यूनुसला जमलं नाही तर खैरुद्दीनभाईंनी वाचावं. मग तो बोलेपर्यंत थांबावं. माफ नाही म्हणाला तर कोणी त्याला समजावू नये. तसंच उचलावं.

फुजैरा, ता. ९ नोव्हेंबर १९६७
मरियमबी तय्यब परकार (सही आहे, अंगठा नाही)

साक्षीदार: खैरुद्दीन हसन मुकादम
साक्षीदार: अब्बास दाऊद बर्डे

दोघांनी मला सही करताना पाहिलं. मजकूर मी हाताखाली झाकला होता.