टाकीतलं पाणी

बाबा, फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. आठवीतून उठलेल्या माणसाला कागद पुढे घेतला की दडपण येतं, म्हणून टाळत आलो. पण आता गप्प राहवत नाही. राग आलाय आणि तो तुमच्यावरच आलाय, तेव्हा दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

लेकीनं मला एअरब्रश आणून दिलाय. तुमच्या स्प्रेगनचं पिल्लूच, पेनाएवढं. सोबत जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्रेसर. बालीगंजच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत बसून मी वीतभर लांबीच्या मोटारी रंगवतो. सध्या पिवळी टॅक्सी घेतलीय. अस्तर झालं, पिवळ्याचे चार पातळ हात झाले, ओल्या पॉलिश पेपरनं घासून झालं, आता वर लॅकर. आधी हवा सोडायची, मग रंग. गाडीच्या अलीकडे सुरू करायचं, पलीकडे जाऊन थांबायचं. मध्ये हात अडला की ओघळ आलाच. हे सगळं तुमचं, आणि तेच मला सहन होत नाही. सुरू करण्याआधी मी कॉम्प्रेसरमधलं पाणी काढतो. बसतो, परत उठतो, परत बघतो. लेक हसते. "बाबा, आत्ताच काढलंत की! पाच मिनिटांत काय गंगा येणार आहे का त्यात?" तिला काय सांगू?

हावड्याच्या मोटारी रंगवायच्या कारखान्यात मी विसाव्या वर्षी तुमच्या हाताखाली होतो, दोन वर्षं झाली होती. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेबरोबर पाणी साठतं, रोज सकाळी खालचा कॉक उघडून ते सोडायचं, नाहीतर ते रंगात उडतं. त्या कॉकला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. विश्वकर्मा पूजा आली, हत्यारं बंद झाली, टाकीला शेंदूर लागला, झेंडूचे हार पडले आणि एक हार कॉकलाच गुंडाळला गेला. दोन दिवसांनी काम सुरू झालं तेव्हा मालकाच्या मेहुण्याची काळी गाडी शेवटच्या लॅकरसाठी उभी होती. मी कॉकपाशी वाकलो. तुम्ही ओरडलात, "हार तोडू नकोस! देवाचा आहे, सुकला की आपोआप गळेल." मी हात मागे घेतला. तुम्ही गन उचललीत. बॉनेट अर्धं झालं असेल नसेल, गन खोकल्यासारखी फसफसली आणि आरशासारख्या काळ्या रंगावर पाण्याचे फोडच फोड उठले.

मालक आला. "ए कार काज?" म्हणाला. कुणाचं हे काम. मी तुमच्याकडे बघतोय, तुम्ही गाडीकडे बघताय. मग गन खाली न ठेवताच तुम्ही म्हणालात, "लडके ने पानी नहीं निकाला, बाबू." वर सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवलीत. त्या दुपारीच मला काढलं. फाटकातून निघताना चहाच्या टपरीवरचे मिस्त्री ओरडले, "ओ जोलदादा, चा खेये जाओ! एते जोल बेशी नेई!" जोल म्हणजे पाणी. पाणीदादा, चहा पिऊन जा, ह्यात पाणी जास्त नाही म्हणे. पुढे हावड्याचा पूल ओलांडताना कुणी 'जोल' म्हटलं तरी मला तेच ऐकू यायचं.

तुम्हाला काढलं असतं तर घर बसलं असतं, हे मला कळत होतं. बाबा, मी मूर्ख नव्हतो. तसं तुम्ही घरी येऊन मला सांगायचं होतं. आईनं ताटं वाढली, तुम्ही वरण मागून घेतलंत, आणि मला म्हणालात, "पार्सल गोदामात माणसं घेतायत, बघ." एवढंच. अडतीस वर्षं मी त्या गोदामात पेट्या मोजल्या. माझा हात चांगला होता, हे तुम्हाला माहीत होतं. मरेपर्यंत एकदा तरी म्हणायचं होतं!

आता आमच्या मराठी मंडळात माझ्या गाड्या मांडणार आहेत. लेकीनं तुमचा फोटो फ्रेम करून आणलाय, शेजारी पाटी लावायची म्हणते: 'हा हात आजोबांचा'. फोटो पुसता पुसता तिनं विचारलं, "इतकं येत होतं, मग तुम्ही कारखाना का सोडलात?" मी म्हणालो, "टाकीतलं पाणी काढायला विसरलो." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे हो बाबा, चुका होतात." बघा, दुसऱ्यांदा मीच घेतलं अंगावर, आणि ह्या वेळी तुम्ही खोलीतसुद्धा नव्हतात. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

पाटीचं पक्कं करायला ती रविवारी येणार आहे. खरं सांगून टाकावं असं रोज ठरवतो. तुमचा फोटो उतरेल ह्याची भीती नाही, उतरला तर उतरू दे. पण ती मला विचारेल, "बाबा, तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?" हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, कपाटातच राहील. मी का बोललो नाही तेही मला ठाऊक नाही. तुम्हाला माहीत असेल तर लवकर कळवा. रविवारच्या आत कळवा.