करवतीत अडकलेलं पिंपळपान

हिंगणघाट
जानेवारीतला दुसरा रविवार

माय,

इतके दिवस तुला काही लिहिलं नाही, रागावू नकोस. डायरी रोज उघडते, पण तिच्यात ऑफिसची कामं, मुलाच्या परीक्षा, गॅस कधी लावला, असंच काहीबाही जातं. तुझ्यासाठी पान उघडलं की पेन टेकवून बसते आणि मिटवून टाकते. आज लिहिते आहे कारण या आठवड्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती बरोबर होती की नाही, हे विचारायला मला दुसरं कोणी सुचलं नाही.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी एक मशीन घेतलं. तुझ्यासारखं शिलाईचं नाही, लाकडात नक्षी कापायचं. स्क्रोल सॉ म्हणतात. टेबलावर बसणारी विजेची करवत, पातं दोऱ्याहून जरासं जाड. ते तुझ्या सुईसारखं वर-खाली होतं आणि आपण प्लायवूड दोन्ही हातांनी फिरवत राहायचं. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि माझा पाय टेबलाखाली पायडल शोधत गेला. हौस आहे, धंदा नाही. अशी हौस असलेल्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे आणि मी त्याची अ‍ॅडमिन आहे. कोणी दाताचे डॉक्टर, कोणी शेतकरी, कोणी निवृत्त मास्तर. पाती कुठली चांगली, भुसा कसा काढायचा, खडखड कशाने थांबते, हेच दिवसभर चालतं. एकाने विचारलं की मशीनला तेल दिल्यावर लाकडावर डाग पडतात, काय करू. मी लिहिलं, तेल दिलं की आधी टाकाऊ तुकड्यावर चालवा. सगळ्यांनी अंगठे दाखवले. ते वाक्य तुझं आहे, हे मी सांगितलं नाही. "तेल देल्लं का पहिले चिंधीवर चालवजो, लोकाच्या कापडावर नाई." काम झाल्यावर पात्याचा ताण सैल करून ठेवावा, असं मी तिथे सांगते तेव्हाही मला तूच दिसतेस, रात्री चाकावरून पट्टा उतरवून ठेवणारी. तुझं कारण वेगळं होतं. तुला भीती होती की मी पायडल मारून बोट सुईखाली घालीन.

ग्रुपचे नियम मीच लिहिले आहेत. गुड मॉर्निंग पाठवायचं नाही. नवख्याचं काम वेडंवाकडं असलं तरी हसायचं नाही. स्वतः करून पाहिलं नसेल तो उपाय सांगायचा नाही. कोणाला लागलं तर आधी बोटाचं विचारायचं, मग मशीनचं. हे नियम सगळ्यात जास्त पाळणारे आणि सगळ्यात जास्त मोडणारे एकच गृहस्थ होते, समुद्रपूरचे काका. पोस्टातून निवृत्त झालेले. मी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. कोणीही काहीही विचारलं की पहिलं उत्तर त्यांचं यायचं, "पहिले बटन बंद करजो. मंग पिन काढजो. मंग विचारजो." हिंगणीचा एक शेतकरी मशीनची निगा राखण्यात फार आळशी. काका त्याला लिहायचे, "तुह्या मशीनचा आवाज समुद्रपूरले ऐकू येऊन राह्यला. तेल पाज त्याले." तो लिहायचा, "काका, सकाळपासून मलेच कोनं चहा नाई पाजला, त्याले काय पाजू?"

बुधवारी सकाळी काकांच्या नंबरावरून मेसेज आला. वाटलं, आज कोणाची तरी खरडपट्टी. मेसेज त्यांच्या मुलाचा होता. बाबा परवा गेले, झोपेतच. पुढे हात जोडलेल्यांची रांग लागली. मीही जोडले. दुपारी मुलाने एक फोटो टाकला. काकांचं मशीन, त्यावर अर्धवट कापलेलं पिंपळाचं पान, एका बाजूच्या शिरा मोकळ्या झालेल्या, दुसऱ्या बाजूला नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. पातं पानाच्या मधोमध आरपार. आतली नक्षी कापताना आधी लाकडाला भोक पाडतात, पातं त्यातून ओवतात आणि मग वर-खाली पकडीत कसतात. म्हणजे पातं सोडल्याशिवाय पान निघत नाही. खाली मुलाने लिहिलं होतं, "हे काढाचं कसं? आन मशीन कोनाले पाह्यजे असन तं सांगा."

पाचेक मिनिटांत हिंगणीवाल्याने लिहिलं, "मले पाह्यजे. सांगा कितीले देता." दुसऱ्याने विचारलं, पाती सोबत आहेत का. तिसऱ्याने मोटर किती जुनी म्हणून विचारलं. वर अजून श्रद्धांजलीचे मेसेज दिसत होते. माझं डोकं तापलं. मी तिघांचेही मेसेज काढून टाकले. एवढ्यावर थांबले नाही. मुलाचा मेसेजही काढला, निदान काही दिवस तरी मृत व्यक्तीचा मान ठेवावा असं चार ओळींचं लिहिलं आणि ग्रुप बंद केला, म्हणजे माझ्याशिवाय कोणाला काही लिहिता येऊ नये असा. दाताच्या डॉक्टरांनी वेगळा मेसेज पाठवला, "ताई, तुम्ही तर सगळ्यांचीच दाढ काढली." मी योग्यच केलं, असं मला शुक्रवारपर्यंत वाटत होतं.

शुक्रवारी मुलाचा फोन आला. आवाज तरुण, थकलेला. "ताई, माहा मेसेज काऊन काढला तुमी?" मी म्हटलं, तुमच्या दुःखात लोक भाव विचारत होते, ते मला बघवलं नाही. तो म्हणाला, "पन म्या इचारलं होतं नं ते. मशीनचं राहू द्या, पानाचं तं कोनी सांगू शकत होतं. आई त्या खोलीच्या दारात बसून राह्यते. आत जात नाई, कोनाले जाऊ देत नाई. म्हनते, ते पान विहारासाठी करून राह्यले होते, अर्धं तं अर्धं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटोजवळ ठेवू. पन तुटू नाई पाह्यजे. म्या एकडाव ओढून पाह्यलं तं एक शीर कडकन वाजली. आईनं असं पाह्यलं माह्याकडं का मी हातच नाई लावला पुन्हा." पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम येत्या बुधवारी आहे. मी फोनवर सांगायला लागले, वरती एक खटका असेल, तो मागे... "नोको ताई," तो म्हणाला, "माह्याच्यानं दुसरी शीर तुटन. तुमीच येता का?"

फोन ठेवला आणि मला अल्लीपूरची आपली पुढची खोली दिसली. तू जाऊन तिसरा दिवस. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, वर्ध्याहून आले आहे, तुझ्या मशीनच्या खोलीचं दार आतून लावून बसले आहे. बाहेर बायका जमल्या आहेत, आणि त्या तुझ्यासाठी आलेल्या नाहीत, आपापली कापडं घ्यायला आल्या आहेत. कोणाचं पोलकं, कोणाच्या मुलीचा फ्रॉक. मी आतून ओरडते, लाज नाही का वाटत. समोरच्या मावशी खिडकीशी येतात. त्यांचे डोळे सुजलेले. "पोरी, बुधवारी माह्या पोरीची हळद हाये. तुह्या मायसाठी रडनंबी हाये आन मले कापडबी लागते. दोनी हाये मले. दार उघड." मी उघडत नाही. शेवटी बाबा येतात, एकदाच दार वाजवतात, मी बाजूला होते. मग ते खाली सतरंजीवर बसून एकेक गाठोडं उलगडतात, कापड वर धरून विचारतात, "हे कोनाचं?" बायका सांगतात. कोणी घेताना हुंदका देते, कोणी म्हणते, बाईनं बाह्या तं लावूनच ठेवल्या होत्या. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसते. इतकी वर्षं मी तो दिवस त्या बायकांच्या निर्लज्जपणाचा दिवस म्हणून सांगत आले. नवऱ्यालाही तसंच सांगितलं आहे.

काल ग्रुप उघडला. लिहिलं, माझं चुकलं, मी त्या घराला न विचारता त्यांच्या वतीने ठरवलं. हिंगणीवाल्याचा लगेच मेसेज आला, "ताई, मले भाव कराचा नोता. भंगारात जाईन म्हनून भेव वाटलं. तेल पाज, तेल पाज म्हनून ते माह्या मशीनसाठी तीन वर्सं भांडले. त्यायचं मशीन मी उपाशी ठेवन का?" मग सल्ल्यांचा पाऊस. पान खालून तळहातावर धरा, आधी ताण सोडा, मग फक्त वरची पकड ढिली करा, पान नाही, पातं सरळ खाली ओढा. वाजलेल्या शिरेला आधी कागदी चिकटपट्टी लावून घ्या. डॉक्टरांनी लिहिलं, "आणि पहिले पिन काढजो."

मी येते म्हणून काल काकांच्या मुलाला फोनवर कळवलं आहे. सोमवारची रजा टाकली आहे. पान निघेल, तशी मला हातांची भीती नाही. त्याला एक मात्र सांगू शकले नाही, ते तुला सांगते. तुझ्या सुईखाली शेवटचं कापड कोणतं होतं, मला माहीत नाही. कोणाचं होतं, कुठवर शिवून झालं होतं, कापड दाबणारी टाच उचलून ते कोणी अलगद बाहेर काढलं, बाबांनी की मावशींनी, मी पाहिलं नाही. बाबा होते तोवर विचारता आलं असतं. विचारलं नाही.

हे पत्र इथेच, डायरीत राहील.

उद्या निघण्याआधी काकूंना फोन करून विचारायचं, पातं सोडताना पान त्यांना स्वतःच्या हातात धरायचं आहे का.