मडक्यावरची टिचकी

इटली, ८ मार्च

माय, इथूनच तुह्या पाया पडते.

फोनवर तुले ऐकू येत नाई, म्हणून लिहून राह्यली. आज मी खुशीनं नाचलीच!

इथी तीन देश मिळून नवीन लढाऊ विमान बनवून राह्यले. माहं काम पंख तपासाचं. तपासणीच्या मशीननं पंखाचा नमुना पास केला होता. पण तू अहेरीच्या बाजारात मडक्याले टिचकी मारून पाहते ना, तशी मी पंखाले मारली. एका जागी आवाज बद्द आला. कापून पाह्यलं, तं आत पोकळ!

हे विमान उडवणार हाय त्या पायलटनं माहा हात धरून विचारलं, कोणाजवळ शिकली? मी तुहं नाव सांगतलं.

जेवण बरं भेटते. कानाच्या डॉक्टरकडे गेली काय?

यंदा मडकं घ्याले गेली, तं टिचकी तूच मार. आवाज तुह्यासंग येणाऱ्या विनोददादाले ऐकू दे.

तुही चंचल