सगळ्यांना सारखाच बिल्ला

सिद्धाप्पास,
आशीर्वाद मागनं देईन, आदी माझा राग वाच.

तू शाळेचा हेडमास्तर झालास, पण काल केलंस काय? शर्यतीत माझी बना पयली आली अन् शेजारची हिरा शेवटची. तू दोघींना सारखाच पत्र्याचा बिल्ला लावलास. म्हणं, कुणी रडू नये! हिराला काय कळत न्हाय व्हय? घरी येताच तिनं बिल्ला उकिरड्यावर फेकला, अन् आता बनाशी बोलंना.

मंद्रूपच्या जत्रेतली तुझी कुस्ती इसरलास? बिरप्पानं तुला चितपट केलं. रेवड्या जिंकल त्यालाच. पण त्यातल्या अर्ध्या त्यानं आपल्या हातानं हरलेल्याला द्यायच्या, ही आपली रीत. तू माती अन् आसवं पुसत त्या खाल्ल्यास, अन् तितंच तुमची दोस्ती जमली. माझ्या बनाजवळ द्यायला तू काय ठेवलंस रं?

हे पत्र टपालात टाकत न्हाय. तिकिटाच्या पैशाच्या रेवड्या आणून बनाला बक्षीस दिल्या. तिनं अर्ध्या हिराच्या हातावर ठेवल्या, तवा कुटं ती पोर हसली. त्या दिवशी तू हसला हुतास, अगदी तशी.

राग हाय, आशीर्वादबी हाय.
तुझी आक्का,
मायाक्का