चार ई-वनचे किती?

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा हरले! मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आमच्या टेक्निशियन रतनभाऊंचं उत्तर तयार. सतरा ई-वन म्हणजे किती एमबीपीएस? चौतीस पॉइंट आठ एक सहा! तेही पाना शोधता शोधता. बी.ई. मी, आयटीआय ते — आणि सबंध लोणावळा ऑफिसात डोकं एकच, ते माझं नव्हे.

टॉवरला जोडणाऱ्या जुन्या लाइनींची क्षमता ई-वनमध्ये मोजायची, नव्यांची एमबीपीएसमध्ये. म्हणजे एकीकडे पायली, दुसरीकडे किलो. पुण्याच्या साहेबांना मावळातले आपल्या कंपनीचे चव्वेचाळीस मोबाइल टॉवर एकाच मापात हवेत. त्यातले सगळ्यात कमी क्षमतेचे दहा मार्चमध्ये बंद. दहाच, ना नऊ ना अकरा. आकडे माझे, रतनभाऊंनी फक्त टॉवरांच्या नोंदींच्या जुन्या वह्या काढून द्यायच्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर

यादी पाठवली! दोन दिवसांत! साहेबांचा अंगठा आला. आज मी स्वतःवर बेहद्द खूश.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लोहगडवाडीला जाऊन आले. यादीत दहावी तीच — ७.६८ एमबीपीएस. बंद करण्याआधी तिथल्या यंत्रांची नोंद करायची होती.

काम आटोपून भामाबाईंच्या टपरीवर बसले. पिठलं-भाकरी वाढता वाढता त्यांनी मागच्या वर्षीची हकिकत सांगितली. गडावरून एक मुलगा घसरला, मित्र घाबरून नुसते रडत बसलेले. फोन भामाबाईंनी लावला, म्हणून माणसं दोर घेऊन वेळेत पोचली. "तुमची रेंज हाय म्हून बरं. दुसऱ्या कुनाची हितं येतच न्हाई," म्हणाल्या.

मी खाली मान घालून जेवले. मार्चमध्ये हा टॉवर जाणार, हे सांगायला जीभ रेटेना. भाकरीचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत. आकडा तो आकडा, त्याला मी काय करणार — असं परतीच्या वाटेवर स्वतःला दहादा सांगितलं. पटलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अगं बाई, माझंच चुकलं होतं!

आज यादी रतनभाऊंना दाखवली. खरं तर शाबासकी हवी होती. त्यांनी चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस ओळी बोट फिरवत वाचल्या. बंद होणाऱ्या दहा वाचल्या, त्यांच्या खालच्याही वाचल्या. मध्येच एका ओळीवर बराच वेळ थांबले. मग ७.६८ ई-वनच्या पाढ्यात येत नाही, म्हणाले आणि लोहगडवाडीची वही मागितली.

बाकी सगळ्या वह्यांत क्षमता सरळ ई-वनमध्ये लिहिलेली. या एकाच वहीत कुणीतरी 'बोलण्याचे चॅनल १२०' असं लिहून ठेवलंय. एका चॅनलला ६४ केबीपीएस. एकशेवीस गुणिले चौसष्ट — ७.६८. चूक कुठेय?

त्यांनी विचारलं, एका ई-वनमध्ये चौसष्टचे खण किती? बत्तीस. त्यातले बोलण्याचे? तीस. आणि हे म्हणता म्हणताच माझे कान तापले. उरलेल्या दोन खणांतून कुणी बोलत नाही. एक खण सगळ्यांना वेळ पाळायला लावतो, दुसरा कुणाचा फोन कुणाला जोडायचा ते सांगतो. ते दोन नसतील तर तीसच्या तीस मुके! एकशेवीस चॅनल म्हणजे लाइनी चार, म्हणजे आठ खण मी चक्क खाऊन टाकले होते.

"चिक्की इकताना खोक्याचं वजन धरत न्हाईत, मॅडम. पन टेम्पोत खोकंबी चढतंच की."

एकशेवीस नव्हे, एकशे अठ्ठावीस गुणिले चौसष्ट — चार ई-वनचे ८.१९२. लोहगडवाडी बंदच्या दहांत यायलाच नको होती.

दुरुस्ती पाठवा, एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, डिसेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, साहेब काय म्हणतील? ते वह्या लावत बसले. तासभर मी टाळाटाळ केली. मग भामाबाई डोळ्यांसमोर आल्या आणि पाठवून दिली, चूक माझी हेही लिहून.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज विचारलंच, हे गणित शिकलात कुठे? रतनभाऊ घाटात केबल ओढायला लागले तेव्हा इंजिनिअर लोक आकड्यांत बोलायचे आणि यांना ओ की ठो कळायचं नाही. मग चौसष्टची दुप्पट एकशे अठ्ठावीस, तिची दुप्पट दोनशे छप्पन्न, अशी दोन हजार अठ्ठेचाळीसपर्यंत चालता चालता पाठ केली. खंडाळ्यापर्यंत रोज! चिडून शिकलो, म्हणाले. मला शिकवायला चार वर्षं आणि बाबांचा पीएफ लागला. तरी खोकं विसरलेच!

या माणसाच्या हाताखाली शिकायला मिळतंय, हे नशीबच. डायरीला सांगायला काय हरकत आहे?

सोमवार, १० नोव्हेंबर

साहेबांचा फोन. पदवी कुठून आणलीस, असं विचारलं. ऐकून घेतलं. पण दुरुस्ती मान्य! लोहगडवाडी सुटली! रतनभाऊंना सांगितलं तर नुसते हसले आणि पाना घेऊन बाहेर गेले. एवढ्या मोठ्या बातमीवर एवढंसंच हसू?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नवी यादी आली. दहा तर भरायलाच हवे होते. दहावं गाव आता भाजे, आधीचं अकरावं — बरोबर आठ एमबीपीएस.

भाजे रतनभाऊंचं गाव. डोंगराला लागून असलेल्या त्यांच्या आळीत आमच्याच टॉवरची रेंज पोचते. घरी त्यांची आई दिवसभर एकटी असते. शुक्रवारी त्यांचं बोट याच ओळीवर थांबलं होतं.

विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"व्हय. पन गाव बगून आकडा बदलायचा आसतो का?"