जालिंदरचा तिसरा नंबर

॥ श्री ॥
रिहे, ता. मुळशी
२४ सप्टेंबर

चि. जालिंदर यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

शिबिरात तुमचे फोन जमा केलेत म्हणून पत्र लिहितेय. दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहायला बसले, बोटं अवघडली.

आबा बरे हायेत. खालच्या रानांना फार्महाऊसवाल्यांनी तारा ठोकल्या, त्यामुळं मेंढरांना लई लांबचा वळसा पडतो. काल विचारत होते, चारशे मीटर म्हंजे कुटून कुटपर्यंत. मी म्हटलं, गोल एक फेरा. तर म्हणाले, जितनं निघायचं तितंच यायचं आणि त्यापायी पोराला विमानानं परदेशी नेत्यात, सरकारला दुसरी कामं न्हाईत वाटतं. पण गावात जो भेटेल त्याला हेच सांगत फिरतात.

सोबत गेणबा वैदूची पूड धाडतेय. तुझ्या पोटऱ्यांना गोळे येतात त्यावर चांगली हाय, दुधातून घे. आई गेली तवा तू तीन वर्षांचा होतास, कडेवर घेऊन वाढवलाय तुला. तवा ऐकायचं.

जपून राहा. माया हायच, ती काय कागदावर मावत न्हाई.

तुझी आक्का,
उज्वला

शिबीर
२१ ऑक्टोबर

ती. आबा व ती. आक्का यांस जालिंदरचा शि. सा. न. वि. वि.

शर्यत तुम्ही आपल्या शाळेच्या एकनाथ सरांच्या घरी टीव्हीवर पाहिलीत, असं कळलं. मला सातवी लेन होती. तिथून मागचे दिसत नाहीत, नुसती पावलं ऐकू येतात. तीनशे मीटरपर्यंत मी पाचवा होतो. तिथून पुढं सगळ्यांचे पाय जड होतात, माझे झाले नाहीत. तिसरा आलो. चौथा आला तो निषाद, माझ्याच खोलीतला, सांगलीचा. त्याचं पदक एका पावलानं हुकलं, तरी सगळ्यांच्या आधी मला मिठी मारायला तोच आला.

शेवटच्या शंभर मीटरला एवढी ताकद कुठून आणलीस, असं सगळे विचारतात. मी नुसता हसतो.

पूड मिळाली. पुढच्या महिन्यात येतो. तोवर आठवण असू द्यावी.

आपला,
जालिंदर

॥ श्री ॥
रिहे
२६ नोव्हेंबर

चि. जालिंदर यास अनेक आशीर्वाद.

तू नाशिकला तुझ्या दोस्ताकडं, वाल्मीककडं राहिलायस, हे एकनाथ सरांकडून कळलं. फोन बंद ठेवलायस, म्हणून पुन्हा पत्र.

तुझ्या तपासणीत बंदीचं औषध सापडलं, पदक परत घेणार, चार वर्षं पळू देणार न्हाईत, हे पेपरात आलं त्याच दिवशी चौकातला तुझ्या अभिनंदनाचा फलक कुणीतरी उतरवला. मी दोन दिवस डोकं धरून बसले. मग आठवलं, पूड. मीच धाडलेली. मी सरांकडं गेले, त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला की औषध माझ्या हातनं गेलं, माझ्या भावानं माझ्यावर विसंबून घेतलं, त्याला काय बी ठाऊक न्हवतं. सही करून तपासणीच्या समितीला पाठवला. सर म्हणाले, त्यानं शिक्षा कमी होईल.

आबांनाही सांगितलं. ते म्हणाले, माझ्या पोराचे पाय तू तोडलेस. त्याला आज दहा दिवस झाले. माझ्याशी बोलत न्हाईत, माझ्या हातचं खात न्हाईत. मेंढरांच्या वाड्यापाशी तीन दगड मांडून आपली भाकरी आपण थापतात. त्यांना भाजायला जमत न्हाई, कच्चीच खातात. गेणबाचीही झाडपाल्याची पोती पोरांनी ओढ्यात ओतली. म्हातारा रडला.

चूक माझी हाय तर मी सोसीन. तू तेवढा खचू नको. चार ओळी पाठव.

तुझी आक्का

नाशिक
४ डिसेंबर

ती. आक्कास जालिंदरचा शि. सा. न.

कुशल विचारण्याचं तोंड मला नाही.

तुझी पूड मी उघडलीसुद्धा नव्हती. बाहेरचं काही खायचं नाही असा शिबिराचा नियम, म्हणून पुडी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली. मी इंजेक्शनं घेतली, आक्का. पाच आठवडे. काय घेतोय ते माहीत असून घेतली. एप्रिलपासून माझी वेळ कमी होत नव्हती, निषाद रोज पुढं जात होता आणि मला संघातून काढायची बोलणी चालली होती.

याहून वाईट पुढंच आहे. समितीनं तुझा अर्ज मला वाचून दाखवला आणि हे खरं का, असं विचारलं. मी हो म्हणालो.

तुझं पत्र आल्यापासून आबांची कच्ची भाकरी डोळ्यांपुढून हलत नाही. आज समितीला खरं काय ते लिहून पाठवलं. आता शिक्षा पूर्ण चार वर्षांची होईल. पदक निषादला मिळेल. त्याचा वाल्मीकच्या फोनवर फोन आला होता, माझी चौकशी करत होता. मी घेतला नाही.

हे पत्र आबांना वाचून दाखव किंवा चुलीत घाल. तू करशील ते मला मान्य.

जालिंदर

॥ श्री ॥
रिहे
१२ डिसेंबर

जालिंदर,

चुलीत घालायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मग आबांपुढं बसून सगळं वाचलं. एक ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. इंजेक्शनाची न्हवं. तू हो म्हणालास, ती.

मग ते उठले आणि गेणबाच्या घरी गेले. त्याच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसले म्हणे. परत आले आणि माझ्या चुलीपाशी येऊन ताट मागितलं. जेवले. भाकरी चांगली झालीय म्हणाले. तुझं नाव काढलं न्हाई, अजून काढत न्हाईत. कुणी विचारलं तर मेंढरांकडं निघून जातात.

राग मलाही आलाय. इंजेक्शनं मी एक वेळ विसरेन. ते 'हो' अजून गिळता येत न्हाई.

पण एक सांगते. आबांनी माझ्याशी अबोला धरला, तवा मी रोज त्यांच्या डोळ्यांपुढं होते. पाणी भरत होते, शेण काढत होते. अबोला त्यांनाच जड जात होता, मला दिसत होतं. आता त्यांनी तो तुझ्याशी धरलाय. तू नाशिकला बसून राहिलास तर त्यांना तो जन्मभर जड जायचा न्हाई.

ये.

आशीर्वाद लिहायला आज हात धजत न्हाई. पण ते काढून घेतलेले न्हाईत.

आक्का